शेवटच्या पानावरची आई

“सणाच्या पुस्तकात शेवटच्या पानावर सगळे घरी असतात. का, ते विचारायचं नाही.”

बाईंकडे लिहायला शिकायला आले, त्या पहिल्याच दिवशी मला हे सांगितलं गेलं. सांगणारे बाईंचे प्रकाशक, सोलापूरचे कलशेट्टी. तेव्हा मी मान डोलावली होती.

आज माझ्या मांडीवर माझ्या पहिल्या पुस्तकाची पानं होती.

“पण का, बाई?”

बाई करंजीला मुरड घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तेल तापलं का बघ.”

मोठ्या माणसांचं हे एक असतं. उत्तर नसलं की ते काम सांगतात.

बाहेर वैशाखाचं ऊन. बार्शीत या दिवसांत दुपारी कुत्रंही रस्त्यावर येत नाही. बाईंच्या ओसरीवर मात्र आकाशकंदील टांगलेला होता, दारात रांगोळी होती, आणि कढईत चकल्या पडायच्या होत्या.

यमुनाबाई सरोदे मुलांसाठी सणांची पुस्तकं लिहितात. दिवाळीचं, पोळ्याचं, भोंडल्याचं, संक्रांतीचं, ईदचं, नाताळचं. सणाला पुस्तक मुलांच्या हातात पडायचं तर ते कितीतरी महिने आधी लिहून व्हावं लागतं. आणि घरात सण केल्याशिवाय बाईंना लिहिता येत नाही. त्यामुळे त्यांची दिवाळी वैशाखात येते आणि संक्रांत श्रावणात.

गल्लीला सवय झालीय. शेजारच्या मुलाणी काकू भिंतीवरून विचारतात, “बाई, आज काय आहे तुमच्यात?”

एकदा राखी बांधून घ्यायला भाऊ आला, तर बाईंनी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि गोड बोल म्हणून बजावलं. राखी राहिलीच. भाऊ अजून सांगतो.

आता बाईंचा हात थरथरतो. करंजीची मुरड जाडीभरडी होते, अक्षर तर लागतच नाही. यंदाचं दिवाळीचं पुस्तक शलाका लिहील, असं त्यांनीच ठरवलं. शलाका म्हणजे मी. कलशेट्टींना पसंत पडलं, तर पुढे सगळे सण माझ्याकडे. नाही पडलं, तर यंदा दिवाळीचं पुस्तकच निघणार नाही.

कलशेट्टी आले. बरोबर उपासे सर. ते निवृत्त मुख्याध्यापक, शाळांच्या बक्षिसांसाठी पुस्तकं सुचवतात. त्यांनी मान हलवली की शाळा घेतात.

“बाई, घामानं अंघोळ झाली. उटणं लावायला हरकत नाही,” कलशेट्टी टेकत म्हणाले.

“न्हाणीघरात ठेवलंय,” बाई म्हणाल्या. त्या चेष्टा करत नव्हत्या.

बाईंची वाचून दाखवायची एक रीत आहे. आधी ऐकणाऱ्यांपुढे फराळाचं ठेवायचं, मग वाचायचं. त्या म्हणतात, दिवाळीच्या घरात कुणी नुसतं ऐकत बसत नाही, तोंड चालूच असतं. जिथं खाणाऱ्याचं तोंड थांबेल ते वाक्य ठेवायचं. बाकीचं खोडायचं.

मी वाचायला लागले.

गोष्ट साधी. रुमा नावाची बार्शीची मुलगी. आई एसटीत कंडक्टर, बाप नाही, घरात आजोबा. दिवाळीच्या जादा गाड्या सुटतात. आईला पुणे-लातूर गाडी मिळते. ती गाडी पहाटे बार्शीवरूनच जाते.

कलशेट्टी कुडुमकुडुम खात होते. उपासे सर चिवड्यातून शेव वेगळी काढत होते. मी वाचत होते आणि कानानं दोघांची तोंडं मोजत होते.

शेवटचं पान आलं.

“पहाट झाली. रुमानं पणती लावली. आजोबांच्या पाठीला उटणं चोळलं. आजोबा म्हणाले, हात अगदी आईसारखा आहे तुझा. तेव्हाच आईची गाडी बार्शीच्या स्टँडवरून लातूरकडे निघाली. गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती.”

मी पान खाली ठेवलं.

कलशेट्टींची चकली ओठांपाशी थांबली होती. उपासे सरांची बोटं चिवड्यातच राहिली होती.

...

मग कलशेट्टींनी चकली ताटात ठेवली.

“लिहिलंय छान. शेवट बदला.”

“का?”

“शेवटच्या पानावर सगळे घरी असतात. माहीत आहे ना तुम्हाला?”

“माहीत आहे. का असतात, ते विचारतेय.”

“मोठ्यांनी काही ठरवलं असतं ते उगीच नसतं.”

“मग कशासाठी असतं ते सांगा की, काका.”

उपासे सरांनी हात झटकले. “अगं, वाद कशाला घालतेस. गाडी बार्शीवरनंच जाते ना? मग उतरव तिला.”

“आणि लातूरच्या लोकांची तिकिटं कोण काढणार, सर?”

“दुसरा कंडक्टर चढला म्हणायचं.”

“दिवाळीच्या पहाटे? सर, परीच आणायची असती तर पहिल्याच पानावर आणली असती.”

कलशेट्टींना हसू आलं. ते त्यांनी गिळलं.

उपासे सर मात्र हसले नाहीत. “सणासुदीला मुलांना रडवायचं नसतं. असलं पुस्तक शाळा घेणार नाहीत.”

“रुमा कुठं रडतेय? ती उटणं लावतेय.”

“वाचणारी रडेल.”

“तुम्ही रडलात?”

सर पुन्हा चिवड्यातली शेव निवडायला लागले.

बाई इतका वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “कलशेट्टी, चकली तशीच राहिली तुमची.”

कलशेट्टींनी ताटाकडं पाहिलं. घाईनं चकली उचलून खाल्ली. सगळ्यांना कळलं, उशीर झाला होता.

“बाई, तुम्हीच सांगा हिला,” ते म्हणाले. “नियम तुमचाच आहे.”

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. “सांग. तुला काय खुपतंय?”

मला राग आला की मी हळू बोलत नाही. तेव्हाही हळू बोलले नाही.

“बाई, माझी आई कंडक्टर आहे. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला ती घरात असलेली मला आठवत नाही. तुमचं दिवाळीचं पुस्तक मला शाळेत बक्षीस मिळालं होतं. सगळं पाठ होतं मला. शेवटचं पान सोडून. ते मी कधी वाचलंच नाही. तिथं आमचं घर नव्हतं.”

“शलाका,” उपासे सर म्हणाले, “कुणाशी बोलतेस तू?”

“बोलू द्या तिला,” बाई म्हणाल्या.

...

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“हा नियम मी केला, तेव्हा कुठं बसले होते ठाऊक आहे?”

“घरी?”

“उदगीरच्या स्टँडवर. पायाशी पुस्तकांचा गठ्ठा. लक्ष्मीपूजनाचा दिवस. सणाचं पुस्तक सणातच खपतं गं. वाचनालयाच्या दारात, शाळेच्या मैदानावर, जत्रेत, जिथं पोरं असतील तिथं घेऊन जावं लागतं. वसुबारसेला निघायची, ते भाऊबीज उलटल्यावर परत. हे शाळेत नोकरीला होते, त्यांना तेवढीच सुट्टी, ते बाळूला सांभाळायचे. माझा बाळू मुलाण्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्या पोरांबरोबर फटाके उडवायचा. पुस्तकात सगळ्यांच्या आया घरी.”

“म्हणजे तुम्ही दिवाळीत...”

“एकदाही नाही.”

कलशेट्टी गठ्ठ्यांचे मालक. त्यांना हे माहीत असणारच. ते रांगोळीकडं बघत होते.

“मग ते पान खोटं होतं, बाई.”

मी हे म्हणाले तेव्हा माझा आवाज चढलेला नव्हता. तरी उपासे सर उठायला लागले. बाईंनी हातानंच त्यांना बसवलं.

“खोटं कसं? ते पान लिहिताना तेवढी मी घरी असायचे.”

...

“आणि ही वैशाखातली दिवाळी?” मी विचारलं.

“सगळ्यांना सांगायचे, पुस्तकासाठी करावी लागते. पुस्तक काय, करंजी न तळताही लिहून झालं असतं.” बाई हसल्या. “बाळू शाळेत ऐटीत सांगायचा, आमच्याकडं दिवाळी तुमच्याआधी येते. पोरं हेवा करायची त्याचा. बाकीच्यांचे अजून आंबे संपलेले नसायचे, आणि याची भाऊबीज झालेली असायची.”

कलशेट्टी खाकरले. “बाई, हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात, का म्हणून विचारायचं नाही.”

वर्षभर मी या बाईंशी भांडत आले. शब्दावरून, स्वल्पविरामावरून, चहात साखर किती यावरून. त्यांच्यावर माझा इतका जीव आहे हे मला ठाऊक होतं, पण ते असं भरदुपारी अंगावर येईल असं वाटलं नव्हतं.

बाईंनी चष्म्याच्या डबीतून त्यांचं पेन काढलं. तेच ते, ज्याला त्या कुणाला हात लावू देत नाहीत. टोपण काढायला त्यांना दोन्ही हात लागले. पेन त्यांनी माझ्या हातात दिलं आणि शेवटचं पान माझ्यापुढं सरकवलं.

“विचारलंस, का. सांगितलं मी का ते. आता आण तिच्या आईला घरी. चार ओळींचं तर काम.”

पेन हलकं होतं.

“लिही,” उपासे सर मऊ आवाजात म्हणाले. “बाई स्वतः म्हणतायत.”

“पुढचे सगळे सण तुमचे,” कलशेट्टी म्हणाले. “आत्ता सांगतो. पोळ्यापासून सुरुवात करू.”

मी पानाकडं पाहिलं. चार ओळी मला दिसतही होत्या. दार वाजलं. रुमा धावली. खाकी साडीला डिझेलचा वास. त्या ओळी वाईट नव्हत्या. उटणं लावणारा रुमाचा हात थांबला असता, पणती जराशी हलली असती, शाळांनी पुस्तक घेतलं असतं.

“नाही, बाई.”

“माझ्यासाठीसुद्धा नाही?”

“तुमच्यासाठीच नाही.”

त्यांनी भुवया वर केल्या.

“उदगीरच्या स्टँडवर तुम्ही बसला होतात,” मी म्हणाले. “कितीतरी दिवाळ्या. त्या तुमच्या एकाही पुस्तकात नाहीत. तुम्ही सगळ्यांना घरी नेलंत आणि स्वतःला स्टँडवर ठेवलंत. मी माझ्या आईला लपवणार नाही. ती गाडीत आहे. तिच्या हातात लोकांची तिकिटं आहेत. आणि तिची दिवाळी तिथंच चाललीय, शेवटच्या पानावर. ती उतरणार नाही.”

पेनचं टोपण लावून मी ते बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

“पुस्तक नको असेल तर नका काढू, काका. मी पान बदलणार नाही.”

कलशेट्टींनी ताट बाजूला सरकवलं. उपासे सर माझ्याकडं बघत होते, मग बाईंकडं, मग कुणाकडंच नाही. भिंतीपलीकडं मुलाणी काकू भांडी घासत होत्या, त्यांचाही हात थांबल्यासारखा वाटला.

...

बाईंनी शेवटचं पान उचललं. डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. ओठ हलत होते. मग बाकीच्या पानांखाली ते नीट लावलं, कडा जुळवल्या, आणि सगळी पानं कलशेट्टींच्या मांडीवर ठेवली.

“पोळाही हिलाच द्या,” त्या म्हणाल्या. “एखादा बैल परत नाही आला तरी चालेल.”