रेघेखालचे साठ मीटर

खाणीच्या फाटकाबाहेर भरधाव डंपरनं तुळसाबाईला चिरडलं, आणि खाणमालकानं जिल्ह्यातला सगळ्यात महागडा वकील उभा केला. वकील सबनीसांनी डंपरच्या वेगयंत्रातला आलेख कोर्टात फडकवला. सेकंदाला वीस मीटर असलेला वेग सहा सेकंदांत सरळ रेघेत शून्यावर उतरला होता.

"पाहा, बाई दिसताच ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. बिचारा आणखी काय करणार?"

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तुळसाबाईची मुलगी मंदाकिनी उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. "ब्रेक दाबल्यावर डंपर किती अंतर गेला, वकीलसाहेब?"

"यात फक्त वेग आणि वेळ आहे, बाई," सबनीस हसले. "अंतर कुठे लिहिलंय?"

"रेघेखाली. तिथे जो त्रिकोण बनतो, त्याचं क्षेत्रफळ म्हणजेच अंतर. सहा गुणिले वीस, त्याचं निम्मं. साठ मीटर."

"साठ तर साठ! म्हणजे एवढं अंतर त्यानं ब्रेक दाबून धरला होता, हे तुम्हीच कबूल केलंत."

"केलं. आता पंचनामा वाचा. आईला ठोकलं त्या जागेपासून डंपर किती पुढे जाऊन थांबला?"

सबनीसांनी पान उलटलं आणि पंचनामा मिटून ठेवला. न्यायाधीशांनी तो मागवून घेतला आणि वाचलं, "साठ मीटर."

"म्हणजे ब्रेक आई दिसल्यावर नाही दाबला, साहेब," मंदाकिनी म्हणाली. "आई चाकाखाली गेल्यावर दाबला."