दंतशाळेचं कुलूप

हैबती भडभुंज्याचा गाल कलिंगडासारखा सुजला होता, आणि दंतशाळेच्या दाराला कुलूप होतं.

दंतशाळा म्हणजे करंजगडच्या भुजंगराव महाराजांचं थोर लोककार्य. खजिना रिता करून बांधलेली. दगडी पायऱ्या, लाल मखमलीची खुर्ची, पगारी दंतवैद्य शंभुशास्त्री आणि दारावर ठळक पाटी: ‘सर्व प्रजेसाठी मोफत’. मोफत होतं ते पाटी वाचणं. शास्त्रीबुवा पायरीवर बसून पगार घेत आणि पोपटाला पेरू भरवत. त्यांच्या हातून आजवर एकाही रोग्याला इजा झाली नव्हती, हे त्यांचे शत्रूसुद्धा मान्य करत.

हैबतीची बायको कोंडाबाई त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

“शास्त्रीबुवा, धनी नुसत्या पेजेवर आहेत. आता तीही गिळवत नाही, अंगात ताप भरलाय. दाढ काढा.”

“काढली असती हो. पण कुलूप आहे.”

“किल्ली कुणाकडे?”

“महाराजांकडे. प्रजेचे दात दुखतात असं सिद्ध झालं की उघडायचं, असा हुकूम आहे. अजून सिद्ध झालेलं नाही.”

“हा एवढा गाल दिसत नाही होय तुम्हाला?”

“मला दिसतो. हुकमाला दिसत नाही.”

कोंडाबाई तडक दरबारात गेली. तिचं मागणं ऐकून महाराज हसले, पण ओठ मिटून. ते नेहमी ओठ मिटूनच हसत. राजाला तेच शोभतं, असं दरबाऱ्यांचं एकमत होतं.

“माझ्या प्रजेचे दात दुखतात? बाई, दर वाढदिवसाला मी पक्क्या पाकातले शेंगदाण्याचे लाडू वाटतो. नगारा वाजला की अख्खं गाव एका दमात लाडू फोडतं. तो कडाड आवाज मी या कानांनी ऐकतो.”

ते खरंच होतं. ते लाडू असे पक्के, की एकदा तोफखान्याने गोळे संपल्यावर मुदपाकखान्याकडे विचारणा केली होती.

“एका हैबतीचा गाल म्हणजे प्रजा नव्हे,” महाराज पुढे म्हणाले. “उद्याच वाढदिवस आहे. प्रजेचे दात दुखतात हे भर मैदानात सिद्ध कर. मात्र कुणी तक्रार करायची नाही, रडगाणं मला ऐकवत नाही. आणि कुणी तोंड उघडून दाखवायचं नाही, ते मला बघवत नाही. जमलं तर किल्ली तुझी. नाही जमलं तर तुझ्या भट्टीवर पाणी.”

“तोंड न उघडता दात दाखवायचे,” दिवाणजी मान डोलावत म्हणाले. “वा, काय निवाडा आहे.”

“कबूल,” कोंडाबाई म्हणाली. “फक्त मी सांगेन ते उद्या सगळ्यांनी करायचं. कुणाला सूट नाही.”

“दिला शब्द.”

घरी येऊन तिने भट्टीपुढे बैठक मारली. तिच्या फुटाण्यांना गावात जेमतेम एक गिऱ्हाईक उरलं होतं. पण वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी तिच्या दारात हमखास रांग लागे. भट्टीच्या जळणासाठी आणलेल्या वाळक्या तुराट्या लोक वीत-वीतभर मोडून, पदराआड लपवून नेत. राजवाड्यातला आचारीही आला आणि चार ठिकाणी उपसून एक निवडून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मैदान भरलं. लाडू वाटले गेले. नगारा घुमला.

कडाड!

महाराज सिंहासनावर रेलले. “ऐकलंस?”

“ऐकलं, महाराज. आता सगळ्यांनी दोन्ही हात वर करावेत. पंजे उघडे.”

मैदान गारठलं. कुणी बोट हलवेना. शेवटी भालदार खेकसला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने भीत भीत हात वर केले. त्याच्या हातातून एक सबंध लाडू पडला, आणि मागोमाग मोडक्या तुराटीचे दोन तुकडे.

मग गारपीटच सुरू झाली. सावकाराचा लाडू, सरदारांचा लाडू, दिवाणजींचा तर रेशमी बाहीतून घरंगळला. एक लाडू हत्तीच्या पायावर आदळला आणि हत्तीने पाय उचलून धरला. तोंड एकानेही उघडलं नव्हतं.

“शास्त्रीबुवा, तुम्हीसुद्धा?” महाराज किंचाळले.

“दाढ वर्षभर ठणकतेय, महाराज.”

“मग दंतवैद्य कशाला झालात?”

“कुलूप आहे ना.”

महाराज लालबुंद झाले. “म्हणजे सगळ्यांनी मिळून मला फसवलं!”

“सगळ्यांनी?” कोंडाबाईने विचारलं. “पण महाराज, आपले हात अजून खालीच आहेत.”

दिवाणजींनी डोळे मिटून घेतले. महाराजांनी आधी कोंडाबाईकडे पाहिलं, मग तिच्या मागे दोन्ही हात वर करून उभ्या असलेल्या आपल्या राज्याकडे. शब्द दिलेला होता. हात हळूहळू वर गेले. सबंध लाडू सिंहासनाच्या पायरीवरून टणटणत खाली आला. पाठोपाठ मोडलेली तुराटी. सरळ, बिनगाठीची.

“मला वाटायचं, एवढ्या राज्यात माझेच किडलेत,” महाराज हळूच म्हणाले. “अख्खं गाव कडाकड लाडू फोडतंय आणि राजाने त्या खुर्चीत बसून आ करायचा? त्यापेक्षा कुलूप बरं. पण तुला कळलं कसं?”

“दरवर्षी आचारी एकच काडी नेतो, महाराज. निवडून, वर रेशमी रुमालात गुंडाळून. आणि त्याला स्वतःला ती लागत नाही, हे मला ठाऊक आहे. माझे फुटाणे खाणारा गावात तो एकटाच उरलाय.”

महाराज खो खो हसले. ओठ उघडून. प्रजेने पहिल्यांदाच आपल्या राजाचं तोंड आतून पाहिलं आणि सगळ्यांना एकदम त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली. हसता हसता त्यांनी गाल धरला आणि गळ्यातली किल्ली काढून कोंडाबाईच्या ओंजळीत टाकली.

“चला, आधी माझी दाढ.”

“रांग आहे, महाराज. पहिला हैबती. त्याच्यामागे उभे राहा.”

महाराज मुकाट्याने दंतशाळेच्या पायऱ्यांवर हैबतीमागे उभे राहिले. “आणि बक्षीस? माग काय हवं ते.”

“पुढच्या वाढदिवसाला लाडू नकोत. फुटाणे वाटा, माझ्या भट्टीतले,” कोंडाबाई कुलपात किल्ली फिरवत म्हणाली. “तुराटी मी कुणालाच देणार नाही. आपल्यालासुद्धा.”