पाटीखालचं तोंड

जहागीरदार मानाजीरावांचा चांदीचा तांब्या चोरीला गेला. त्यांच्या गोठ्यात वर्षानुवर्षं शेण काढणाऱ्या तानूवर आळ आला.

"डोक्यावर शेणाची पाटी घेऊन पळताना हिलाच पाहिली. गावाबाहेर काढा!" ते चावडीवर गरजले.

तानू डगमगली नाही. "पाटील, उद्या आम्हा बायांना पाट्या घेऊन उभ्या करा. सरकारांनी मला ओळखावं."

पाटलांनी मानलं.

सकाळी जुनेर नेसलेल्या बाया डोक्यावर शेणाच्या पाट्या घेऊन उभ्या राहिल्या. मानाजीरावांनी नाकाला उपरणं लावून लांबूनच बोट रोखलं. "हीच ती चोरटी!"

त्या बाईनं पाटी उतरवली. ती त्यांचीच सख्खी बहीण अंबूताई! तानूसाठी मुद्दाम उभी राहिलेली.

तानू म्हणाली, "सरकार, पाटीखाली सख्ख्या बहिणीचं तोंड दिसेना, मग माझं कधी पाहिलंत?"

पाटलांनी तिला तिथंच मोकळं केलं.