हळदकुंकू वाहिलेले रिव्हॉल्वर

एकदा एका जुन्या संस्थानी गावात बंदुका दुरुस्त करणारा एक वृद्ध उस्ताद राहत असे. त्याच्या घराण्याने राजाची शस्त्रे सांभाळली होती. राजे गेले, शिकारी गेल्या, दुकानात येणारी माणसेही हळूहळू आटली. तरी उस्ताद रोज सकाळी दुकान उघडून स्वच्छ धुतलेल्या फडक्याने आपली अवजारे पुसत बसे. त्याच्यापाशी तिशीतला एक शिष्य होता. हुशार होता, हाताने चपळ होता, आणि बहुतेक चपळ माणसांप्रमाणे उतावळाही होता.

एके दिवशी संपतराव नावाचे एक गृहस्थ दुकानात आले. पिशवीतून त्यांनी एक गाठोडे काढले आणि ते सोडून मेजावर ठेवले. आतली वस्तू रिव्हॉल्वर आहे हे शिष्याच्या क्षणभर ध्यानातच आले नाही. हळद, कुंकू, खोबरेल तेल आणि तांदळाचे दाणे यांचे थरावर थर बसून त्या शस्त्राचा तांबडापिवळा गोळा झाला होता. चाप हलत नव्हता, घोडा हलत नव्हता, काडतुसांची चक्री फिरत नव्हती. हे रिव्हॉल्वर मधोमध मोडून उघडायचे. पण त्याची कडी आणि बिजागरी जणू एकाच लोखंडाची झाली होती.

"दरवर्षी खंडेनवमीला आई याची पूजा करते," संपतराव म्हणाले. "अडतीस वर्षं झाली. पूजा झाली की परत ट्रंकेत."

"उघडून पुसलं कधी?" उस्तादाने विचारले.

"कुणी हातच लावला नाही. फक्त हळदकुंकू वाहायचं."

आपल्याकडे शस्त्रपूजा फार भक्तीने होते. शस्त्र पुसावे, उघडावे, आत पाहावे हाही त्या पूजेचाच भाग आहे, एवढे मात्र बरेच जण विसरतात. उस्तादाने नळीचे तोंड वाळूच्या पेटीकडे वळवले आणि शिष्याला त्या बाजूला न उभे राहण्याची खूण केली.

संपतरावांचे वडील हिंदुराव नुकतेच वारले होते. परवाना त्यांच्या नावाचा, म्हणून शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायचे होते. त्याआधी ते उघडून आत काडतूस नाही याची खात्री करायला हवी होती. पण एवढ्यासाठी माणूस असा घाम पुसत बसत नाही. उस्ताद वाट पाहत राहिला, तेव्हा संपतरावांनी खरे कारण सांगितले.

अडतीस वर्षांपूर्वी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून हिंदुराव आणि त्यांचे धाकटे भाऊ गणपतराव यांच्यात भर दुपारी अंगणात गड्यांसमोर भांडण जुंपले. हिंदुरावांनी सारी पंचक्रोशी ज्याला भीत असे ते रिव्हॉल्वर घरातून आणले, भावाच्या छातीवर रोखले आणि चाप ओढला. खट् असा आवाज झाला. गोळी सुटली नाही. हिंदुराव हसून म्हणाले, "रिकामं हाय ते. भ्यालास व्हय?" गणपतराव म्हणाले, "रिकामं हाय तर उघडून दाव." हिंदुराव म्हणाले, "माझा शब्द पुरे हाय. उघडणार न्हाई."

त्याच दिवशी गणपतराव बायकोमुलांना घेऊन तालुक्याच्या गावी निघून गेले. भावाच्या अंत्यविधीलाही ते आले नाहीत. दिवसकार्याचे सांगायला पुतण्या गेला, तेव्हा त्यांनी एवढेच म्हटले, "मी खटका ऐकलाय. त्यात काडतूस व्हतं का न्हाई, तेवढं मला कळू दे. मग मरायला मोकळा."

"आणि तुमच्या आईंना काय वाटतं?" उस्तादाने विचारले.

संपतराव खाली मान घालून म्हणाले, "आई कधी बोलली नाही. पण पूजेच्या वेळी ती त्या पिस्तुलाला हात जोडून क्षमा मागते. मी लहानपणापासून बघतोय."

संपतराव गेल्यावर शिष्याने रॉकेलचा डबा पुढे आणला. "सगळंच बुडवून ठेवू या. तीन दिवसांत सुटेल."

"नाही," उस्ताद म्हणाला. "रॉकेल नको. गरम पाणी नको, तापवणं नको, ठोकणं तर नकोच."

आणि मग उस्तादाने जे आरंभले ते पाहून शिष्य चक्रावला. कबुतराच्या पिसाच्या टोकावर तेलाचा एक थेंब घेऊन तो फक्त बिजागरीच्या फटीत सोडी. दुसरा थेंब कडीच्या खाली. ओघळ चक्रीकडे जाऊ लागला की लगेच कापसाने टिपून घेई. चक्रीच्या तोंडावर बसलेला हळदकुंकवाचा थर तर त्याने नखाएवढाही खरवडला नाही. दिवसातून दोनदा हे काम, आणि उरलेल्या वेळात दुसऱ्या कामाला हात. असे आठवडाभर झाले तरी कडी तसूभर हलली नाही.

"उस्ताद, असं तर दिवाळी उलटेल," शिष्य म्हणाला. "लोक म्हणतील, यांना काम येत नाही."

"म्हणू देत."

"पण चक्रीला का जपताय? तीच तर मोकळी करायची आहे."

उस्तादाने पिसाच्या टोकावर पुढचा थेंब घेतला. शिष्याच्या मनात आले, म्हाताऱ्याचा हात आता थांबत चालला आहे. हा विचार केल्याबद्दल त्याला वाईटही वाटले, पण विचार काही गेला नाही.

सव्विसाव्या दिवशी उस्तादाने अंगठ्याने कडी दाबली आणि ती जरा मागे सरली. शिष्य आनंदाने पुढे झाला. उस्तादाने मात्र कडी पुन्हा जागच्या जागी बसवली, रिव्हॉल्वर फडक्यात गुंडाळले आणि म्हणाला, "संपतरावांना निरोप दे. चुलत्यांना घेऊन या म्हणावं. ते आल्याशिवाय हे उघडणार नाही."

चार दिवसांनी गणपतराव आले. पंचाहत्तरीचे, उंच, काठी टेकत. त्यांनी दुकानात पाऊल टाकले, मेजावरची वस्तू पाहिली आणि भिंतीला टेकून उभे राहिले. अडतीस वर्षांनीही त्या नळीसमोर यायला त्यांचे पाय तयार नव्हते. उस्तादाने नळी वाळूच्या पेटीकडे वळवून शिकंज्यात पक्की केली आणि त्यांना बाजूने येऊन बसायला स्टूल दिले.

मग त्याने कडी दाबली आणि नळी हळूच खाली ओढली. बारीक कुरकुर झाली. रिव्हॉल्वर मधोमध मोडले, आणि चक्रीची मागची बाजू सगळ्यांसमोर आली.

तिथे काडतूस नव्हते. सहाच्या सहा छिद्रांत मेणासारखा, काळसर, घट्ट पदार्थ काठोकाठ भरलेला होता.

"हे काय भरलंय?" गणपतरावांचा आवाज चढला. "तुमीच भरलं असंल! पुतण्यानं सांगितलं असंल तुमाला!"

उस्ताद शांतपणे म्हणाला, "मी मागून दाबून भरलं असतं, तर पुढच्या तोंडावरचा हळदकुंकवाचा थर फुटला असता. बघा, तो जसाच्या तसा आहे. ही लाकडी काडी घ्या आणि तुमच्याच हातानं ढकला."

गणपतरावांनी काडी एका छिद्रात घातली आणि जोर दिला. पुढच्या तोंडावरचा थर तडकला आणि त्यामागून त्या काळ्या पदार्थाची छोटी अखंड कांडी बाहेर पडली. मग दुसरी, मग तिसरी. सहाही तशाच होत्या. शिष्याने एक कांडी उचलून तिचे टोक बोटात चुरले आणि वास घेतला. हे काय आहे ते त्याला आता कळले होते.

"हे कारखान्यातलं ग्रीस आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "नवं शस्त्र गंजू नये म्हणून आत भरतात. ते पुसल्याशिवाय काडतूस आत बसतच नाही, आणि एकदा पुसलं की असं पुन्हा कुणी भरत नाही."

"म्हंजी?" गणपतरावांनी विचारले.

"म्हणजे हे रिव्हॉल्वर त्या दिवशी रिकामं होतं," उस्ताद म्हणाला. "त्या दिवशीच काय, विकत घेतल्यापासून यात एकही काडतूस कधी गेलेलं नाही. पंचक्रोशी ज्याला भीत होती, ते हे असं होतं."

हिंदुरावांचा दरारा त्या सहा छिद्रांवर उभा होता. भावाला उघडून दाखवायचे, तर भरल्या अंगणात गड्यांसमोर तो दरारा उघडा पडला असता. त्यांनी दरारा राखला आणि भाऊ घालवला. मला विचाराल तर चाप ओढणे हा त्या दुपारचा लहान अपराध होता.

शिष्य म्हणाला, "उस्ताद, मी रॉकेलात बुडवलं असतं तर..."

"तर हे सगळं विरघळून गेलं असतं," उस्ताद म्हणाला. "छिद्रं रिकामी निघाली असती, आणि हे म्हणाले असते, काडतुसं मागाहून काढली असतील. तेही बरोबरच ठरलं असतं. आत काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. पण या माणसांनी माझ्याकडे लोखंड आणलं नव्हतं, एक प्रश्न आणला होता, आणि त्याचं उत्तर आतच होतं. ते धुऊन काढलं असतं, तर मी काय दुरुस्त केलं असतं?"

मग तो गणपतरावांकडे वळला. "आणखी एक दाखवतो. या कडीवर पकडीचे ओरखडे आहेत. त्यांच्यावर हळदकुंकू फार बसलेलं नाही, म्हणजे ते जुने नाहीत. हे उघडायला कुणीतरी धडपडलेलं आहे."

संपतराव एकदम ताठ झाले. "आबांनी, माझ्या वडिलांनी," ते म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याकडं पकड मागितली होती. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, गणपाला एक दाखवायचं राहिलंय. मला वाटलं, म्हातारपणी भ्रम झालाय. नंतर हाताला फडकं गुंडाळून बसले होते, बोट कापलं होतं."

उस्ताद म्हणाला, "माणसाला वाटतं, खरी गोष्ट आहे, ती जाते कुठं? हवी तेव्हा दाखवू. पण वेळेवर उघडून न दाखवलेलं खरंही असंच जाम होतं. मग ज्याचं त्यालाही ते उघडत नाही. आणि घरची माणसं वरून हळदकुंकू वाहत राहतात."

गणपतरावांनी काठी बाजूला ठेवली. त्या सहा कांड्या त्यांनी तळहातावर घेतल्या. मग ते रडू लागले, अगदी मोठ्याने, लहान पोरासारखे. "मी बी अडून बसलो," ते म्हणाले. "एकदा जाऊन म्हणायचं व्हतं, दादा, नको दावूस, तुझा शब्द पुरे. म्हणालो न्हाई. त्यो तिकडं पकड घिऊन बसला, आन मी हिकडं."

शिष्याने त्यांना पाणी दिले. म्हाताऱ्याच्या हाताविषयी मनात आलेला तो विचार आठवून त्याने उस्तादाच्या पायांना हात लावला. उस्तादाने का म्हणून विचारले नाही.

थोड्या वेळाने संपतरावांनी डोळे पुसले आणि खिशातून फोन काढला. "आईला कळवतो," ते म्हणाले. "तिचा जीव भांड्यात पडेल."

गणपतरावांनी पुतण्याचा हात धरला आणि फोन खाली करायला लावला.

"फोनवर नगं," ते म्हणाले. "अडतीस वर्सं त्या माउलीनं नवऱ्याच्या वतीनं माफी मागितली, ती बी न केलेल्या पापाची. तिला हे मी सांगतो. तिच्या म्होरं बसून. चल, घरला न्हे मला."