वडापची जीप आणि दगड

घाटरस्ता अजून अरुंद होता, तेव्हाची गोष्ट. चढावर एक ट्रक बंद पडला. क्लीनरने कडेचा दगड आणून मागच्या चाकाखाली लावला. दुपारभर दगडाने सगळा भार पेलला. इंजिन सुरू होताच ट्रक निघाला.

"अहो, मला कडेला तरी ठेवा," दगड म्हणाला.

"आता थांबलो तर पुन्हा बंद पडेन," म्हणत ट्रक वळणाआड गेला.

दगड ऐन वळणावर भर रस्त्यात राहिला. ऊन उतरू लागलं. अंधारात एखादी दुचाकी आपल्याला अडखळून दरीत जाईल, या विचाराने त्याचा जीव कासावीस झाला. मोटारी यायच्या, त्याला जेमतेम चुकवायच्या आणि म्हणायच्या, "रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?" थांबत मात्र एकही नव्हती.

तेवढ्यात माणसं कोंबून खडखडत वडापची जीप आली. प्रवासी घ्यायला भर रस्त्यात कुठेही थांबते, म्हणून सगळा घाट तिला नावं ठेवायचा. ती दगडासमोर थांबली. मागे हॉर्नचा गलका उसळला.

"झालं, थांबली बया," एक मोटार करवादली. "जागा बघून थांबणं हिला ठाऊकच नाही."

जीप तिथेच उभी राहिली. तिचा ड्रायव्हर यासीन उतरला आणि त्याने दगड उचलून कठड्याशी ठेवला.

"जीपबाई, एवढ्या शिव्या खाऊन तुम्ही का थांबलात?" दगडाने विचारलं.

"हात केला की थांबायचं, ही माझी खोड," जीप म्हणाली. "तुला हात नाहीत, म्हणून काय सोडून जायचं?"