पिवळा दिवा आणि कोंबडाआजोबा

खुराड्यात वीज नुकतीच आली होती, तेव्हाची गोष्ट. आई नसलेली पिल्लं तिथे एका पिवळ्या दिव्याच्या उबेला वाढत होती. एके दिवशी दरबारातून हुकूम आला, "पिवळे दिवे फार वीज खातात. ते काढा, पांढरे लावा." म्हाताऱ्या कोंबड्याने लगेच दिवा बदलायला लावला.

नवा दिवा लख्ख होता, पण थंड. पिल्लं कुडकुडत एकमेकांवर चढू लागली. ते पाहून एक तरणी तलंग तडक कोंबड्याकडे गेली.

"आजोबा, अशानं पिल्लं मरतील."

"नियम आहे, पोरी. वरच्यांनी विचार करूनच केला असेल."

"वरच्यांना पिसं आहेत. तुम्हालाही आहेत. पिल्लांना अजून फुटायचीत."

"फार बोलतेस."

"मग आज तुम्हीच बसा त्यांच्यापाशी."

कोंबडा तोऱ्यात जाऊन बसला. बघता बघता सगळी पिल्लं त्याच्या पंखांत शिरली. एक तर मानेखाली डोकं खुपसून बसलं.

पहाट झाली, तरी कोंबडा आरवला नाही. घाबरून तलंग धावत आली.

"हळू," तो पुटपुटला. "आत्ता कुठे निजलीत. तो पिवळा दिवा परत लाव. दरबाराला काय सांगायचं ते मी बघतो."