पितृपंधरवड्यातला सामना

चंदनखिंडीच्या महाराजांनी ऐन श्रावणात हुकूम काढला, की यापुढे संस्थानात पाच दिवसांचा क्रिकेट सामना होणार नाही. होतील ते वीस षटकांचे. कारण साधं होतं. पाच दिवसांच्या सामन्याला वर्षात जागाच उरली नव्हती.

जागा संपवली होती दिवाणजींनी. चैत्रात आंबा चषक, वैशाखात लग्नसराई चषक, मग पेरणी चषक, बेंदूर चषक... सामना झाला की फटाके, फटाके झाले की पुढचा सामना! महाराजांना षटकार फार आवडत. चेंडू राजवाड्याच्या गच्चीवर आला की ते टाळ्या वाजवत, आणि ते वाजवतात म्हणून सगळं संस्थान वाजवत असे.

हुकुमाचा फटका बसला सखोबा थिट्यांना. सखोबा संस्थानचे जुने फलंदाज. त्यांना एकच विद्या येत होती, बाद न होण्याची. सकाळी मैदानात उतरले की संध्याकाळी परत यायचे, आणि मधल्या वेळात फारसं काही घडलेलं नसायचं. अशा माणसाचं वीस षटकांत करायचं काय? दिवाणजींनी काम शोधून ठेवलं. सखोबांनी सीमारेषेवर उभं राहायचं आणि चौकार गेला की तुतारी फुंकायची. नाहीतर घर रिकामं करायचं, कारण घर संस्थानचं होतं.

बाप अंगणात तुतारीचा सराव करताना त्यांच्या लेकीला, हौसाला, दिसला. सखोबा तुतारीसुद्धा सावकाशच फुंकत होते. तिने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि त्यांना घेऊन तडक दरबार गाठला.

"म्हाराज, सामन्याला पाच दिस द्या!"

"पोरी, आम्ही काय दिवस दडवून ठेवलेत?" महाराज म्हणाले. "तूच शोध! पण वीस षटकांचा एकही सामना हलणार नाही. सणाला धक्का लावायचा नाही. पेरणी-काढणी मोडायची नाही. आणि पाचही दिवस सलग हवेत. सापडले तर सामना होईल. नाहीतर तुझा बाप उद्यापासून तुतारीवर!"

दिवाणजी गालातल्या गालात हसले. वर्ष त्यांनी स्वतः भरलं होतं.

हौसाने त्यांच्याकडेच मोर्चा वळवला. "दिवाणजी, भादव्यात गनपती गेलं की म्होरं काय हाय?"

"नवरात्र चषक."

"आन् मधी?"

"मध्ये काही नाही. पितृपंधरवडा. वाजंत्री नाही, फटाके नाहीत, नवे कपडे नाहीत. व्यापारी चषकाला दमडी देत नाहीत. ते दिवस आम्ही धरतच नाही."

"मंग त्यातलंच आमाला द्या की!"

दरबारात कुजबुज झाली. महाराज ताठ बसले. "पितृपक्षात खेळ? लोक काय म्हणतील!"

"काय म्हनत्याल, म्हाराज? पाच दिसांच्या सामन्यात समदी पांढऱ्या कापडात. कुनी मोठ्यानं बोलत न्हाई. दुपारी पंगत बसती, पंगतीमागं समद्यांचा डोळा लागतो. कावळं मैदानात असत्यातच. श्राद्धापरीस येगळं काय हाय त्यात?"

महाराजांनी आठवून पाहिलं. वेगळं काही आठवेना.

दिवाणजी मात्र पुढे सरसावले. "पण या दिवसांत नवं काही सुरू करता येत नाही! सामना सुरू कसा करणार?"

"सुरू कुठं करायचाय? जुनाच ऱ्हायलाय! थोरल्या म्हाराजांचा शेवटचा सामना. पाऊस आला, खेळ थांबला, त्यो थांबलाच. त्याच साली थोरलं म्हाराज गेलं. नाबाद व्हते."

तो विषय महाराजांसमोर कुणी काढत नसे.

"शहाण्णव," सखोबा पहिल्यांदाच बोलले. "म्या दुसऱ्या टोकाला व्हतो. तिनावर. सकाळधरनं."

महाराजांचा आवाज उतरला. "दर वर्षी आमच्या आबासाहेबांच्या घासाला कावळा शिवायला दुपार करतो."

"मंग!" हौसा म्हणाली. "चार धावा ऱ्हायल्यात त्येंच्या!"

"पण त्यांच्या जागी बॅट कोण धरणार?"

"श्राद्ध ल्येकानंच करायचं असतं, म्हाराज."

महाराज आपल्या तळहातांकडे बघत राहिले. मग वडिलांची बॅट धरल्यासारखी त्यांनी बोटं मिटली. आता हुकूम फिरणार हे दिवाणजींनी ओळखलं आणि शेवटची हरकत घेतली.

"सगळं मान्य, महाराज! पण पाच-पाच दिवस बसून बघायला येणार कोण? आजकाल वेळ आहे कुणाला?"

"ज्येंना येळ हाय, ते त्याच पंधरवड्यात येत्यात की, दिवाणजी!" हौसा म्हणाली. "पितरं पाचीबी दिस बसत्याल. त्यास्नी कुठं जायची घाई हाय?"

महाराज हसायला लागले ते थांबेचनात. हसता हसता डोळे पुसले, पुसता पुसता पुन्हा हसले. आबासाहेबांचा सामना पितृपंधरवड्यात पुरा करायचा आणि पुढे दर वर्षी त्याच दिवसांत पाच दिवसांचा सामना खेळायचा, असा हुकूम तिथल्या तिथे सुटला. सखोबांचं घर सखोबांच्या नावावर झालं. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं, आणि संस्थानातल्या सगळ्या सामन्यांच्या तारखा यापुढे हीच ठरवील, असं भर दरबारात जाहीर केलं.

दरबार उठला. दिवाणजी थोडा वेळ घुटमळले, मग हौसापाशी येऊन अदबीने उभे राहिले.

"हौसाबाई, माघात हुरडा चषक घ्यायचा होता. एखादा रविवार मिळेल का?"

"बघती," हौसा म्हणाली.